गोलकीपरचा शब्द

युसूफ,

तुझ्या क्लबाच्या पोरांनी माझ्याकडं दोन पानं मागितली आहेत. तुझ्यावर स्मरणिका काढतायत. मुखपृष्ठावर तुझा तो पासपोर्टचा फोटो टाकणार आहेत, ज्यात तू उसना टाय लावून उभा आहेस आणि कुणीतरी चोरीच्या आळावरून धरून आणल्यासारखा दिसतोस. मी म्हटलं, अरे, एखादा हसतानाचा तरी शोधा. तर म्हणे, चाचा, बाकी सगळ्या फोटोंत ते भांडूनच राहिले. माझ्या लेखाचा मथळाही त्यांनीच ठरवून ठेवलाय, 'दिलदार प्रतिस्पर्धी'. शुक्रवारपर्यंत द्या म्हणाले. तीन कागद फाडून झाले. हा चौथा त्यांना द्यायचा नाही, हे बसतानाच ठरवलंय, म्हणून सरळ तुलाच लिहितो.

तू जाऊन नऊ दिवस झाले. मी अजून संध्याकाळी पाचला मैदानासमोरच्या हॉटेलात जातो. दुसरं कुठं जाऊ? काल हॉटेलवाल्यानं विचारलं, "काय साहेब, आज भांडण न्हाई?" आणि मग त्याचं त्यालाच आठवलं. बिचारा फडकं घेऊन पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत राहिला. मला त्याचा राग आला नाही. तुझा आला. भांडण अर्धं टाकून उठायची तुझी सवय नव्हती.

या पोरांना वाटतं, तुमचा किल्ला स्टार आणि आमचा इंजिन क्लब जन्मापासून एकमेकांचे वैरी. त्यांना कुणी सांगितलंच नाही की तुझे अब्बा आणि माझे वडील एकाच क्लबात खेळायचे. नांदेडात तेव्हा क्लब एक, मैदान एक आणि गोलच्या जाळ्यांची जोडी एक. भांडण झालं ते जाळ्या कुणाकडं ठेवायच्या यावरून. लोकोशेडवाले म्हणाले, आमच्याकडं जागा आहे. किल्ल्याकडचे म्हणाले, मैदान आमच्या दाराशी आहे. एवढ्यावरून क्लब फुटला. दुसरी जोडी आणावी हे दोन्हीकडच्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. शेवटी तोड निघाली ती अशी, की दरवर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मॅच खेळायची आणि जो हरेल त्यानं जाळ्या घरी न्यायच्या, धुवायच्या, फाटलेलं शिवायचं आणि पुढच्या वर्षी आणून बांधायच्या. बरोबरी झाली तर जाळ्या आहेत तिथंच राहणार. दुनियेत जिंकणारा काहीतरी घरी नेतो. आपल्याकडं हरणारा न्यायचा.

आणि दुसरा रिवाज तुला सांगायला नको, पण लिहितो, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. आपल्याकडं लाइनमन कधी नव्हते. गोल झाला की नाही याची शंका आली, तर रेफरी गोलकीपरला विचारायचा. गोलकीपर सांगेल ते खरं. माझ्या वडिलांनी एकदा स्वतःवरचा गोल स्वतः दिला होता. रेफरी 'नाही' म्हणत होता आणि वडील 'झाला' म्हणत होते. ती गोष्ट रेल्वे कॉलनीत अजून सांगतात. मी त्यांच्याच जागेवर उभा राहायला लागलो तेव्हा त्यांनी मला हातमोजे दिले नाहीत; त्याऐवजी ही गोष्ट पुन्हा एकदा सांगितली.

वडिलांच्या काळातलं वैर दोन भावांचं होतं. मॅच झाली की दोन्ही टीम तुमच्या अंगणात जेवायच्या. आपल्या काळात ते बिघडलं. निवडणुकीला उभे राहणारे जर्सी वाटायला लागले, मग जर्सीबरोबर घोषणा आल्या, घोषणांबरोबर हॉकी स्टिक आल्या. फुटबॉलच्या मैदानावर हॉकी स्टिकचं काय काम, हे तू एकदा भर सभेत विचारलंस आणि स्वतःच्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्यास. त्यातच आम्ही लागोपाठ चार वर्षं हरलो. तुझे लोक मला 'चाळणी' म्हणायला लागले. बाजारात भाजी घेताना मागून आवाज यायचा, "ए चाळणी!" चार वर्षं जाळ्यांचं पोतं माझ्या मागच्या खोलीत पडून होतं. सुमन त्याला सवत म्हणायची. "तुमची सवत एकदाची नांदायला पाठवा तिकडं किल्ल्यात," म्हणायची.

पाचव्या वर्षी त्या पोत्यात उंदीर शिरले. बरंचसं मी शिवलं. मॅचच्या दिवशी सकाळी जाळी बांधताना दिसलं की उजव्या खांबाजवळ, खालच्या बाजूला, एक भोक राहिलंय. बॉल जाईल एवढं. सुतळी संपली होती, रविवारी दुकानं बंद. म्हटलं, बॉल काय नेमका तिथूनच जाणार आहे? हे मी मुद्दाम केलं नव्हतं, युसूफ. एवढं एक तरी मान. आळस होता तो, निव्वळ आळस.

आम्ही एका गोलनं पुढं होतो. पाचेक मिनिटं उरली असतील. तू डावीकडून आत आलास आणि जमिनीलगत मारलास. मी पडलो, पण उशिरा पडलो. माझ्या बोटांपलीकडून, खांबाच्या आतून बॉल गेला, नेमका त्या भोकातून बाहेर पडला आणि मागं बाभळीपर्यंत गेला. तू हात वर करून पळायला लागलास. पिल्लेसाहेब, आपले रिटायर्ड गार्ड, जाड भिंगांच्या चष्म्यातून शिट्टी वाजवत आले तेव्हा त्यांना दिसला तो बाभळीखालचा बॉल आणि जागच्या जागी असलेली जाळी. ते म्हणाले, "मिलिंद, तू बोल."

मी जमिनीवरून उठलोही नव्हतो. तोंडात माती होती. मी म्हणालो, "बाहेरून गेला, साहेब."

तू ओरडला नाहीस. जाळीपाशी आलास, खाली वाकलास आणि उजव्या खांबाजवळ हात घातलास. तुझं गादी-रजईचं दुकान, कापडावरून नुसता हात फिरवून कुठं उसवलंय ते तू सांगायचास. तुझा मनगटापर्यंतचा हात पलीकडून बाहेर आलेला मी बघितला. तुझे लोक मैदानाच्या मध्यावरून धावत येत होते. तू उठलास, त्या भोकाकडं पाठ करून उभा राहिलास आणि त्यांना म्हणालास, "चला, टाइम जाऊन राहिला." मॅच संपल्यावर कुणाला हात न लावू देता तू स्वतः जाळ्या सोडल्यास आणि गुंडाळून घेऊन गेलास. हरला होतास ना.

पुढच्या वर्षी त्या जागी गादीच्या दोऱ्यानं विणलेल्या इतक्या सुबक गाठी होत्या, की नुसत्या बोटांना त्या सापडल्या नसत्या. मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी शोधल्या, म्हणून मला माहीत.

तेव्हापासून तुझं सुरू झालं. दर आठ-पंधरा दिवसांनी, चहा संपत आला की, कप खाली ठेवता ठेवता, "मिलिंदा, खरं सांग बे. गोल होता का न्हाई?" मी म्हणायचो, "बाहेरून गेला." तू म्हणायचास, "बरं." मग आपण दुसऱ्या कशावर तरी भांडायचो. तीस वर्षं हा एकच प्रश्न आणि हे एकच उत्तर. तुला कळलंय हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तुलाही माहीत होतं. मग विचारायचास कशाला? मी समजायचो की तू मला टोचतोस. म्हणून मीही हट्टाला पेटलो. एक गोष्ट मात्र माझ्या आत्ता लक्षात येतेय. तू हे चारचौघांत एकदाही विचारलं नाहीस. कुणी तिसरा येऊन बसला की तू विषय बदलायचास.

मी दर रविवारी विहारात जातो हे तुला ठाऊक होतं. पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं बोलणार नाही याचं. तिथं माझा आवाज बसतो. शेजारच्यांना वाटतं घसा खराब आहे. तुला मी हे एकदा गमतीत सांगितलं, तर तू हसला नाहीस. म्हणालास, "मग म्हणून टाक की एकदाचं. हलका होशील." मी म्हणालो, कशाबद्दल बोलतोयस तू? तू खांदे उडवलेस आणि बिस्किट चहात बुडवलंस.

माझी लातूरला बदली झाली तेव्हाचं आठवतं? त्या वर्षी मी मॅचपुरता नांदेडला आलो, तीन गोल खाल्ले आणि जाळ्या न घेताच बस धरून पळालो. पुढच्या रविवारी दारात तू. खांद्यावर पोतं. कंडक्टरनं विचारलं, यात काय आहे, तर त्याला म्हणालास, "मच्छरदाणी हाय. लातूरचे मच्छर लई मोठे." नांदेडहून लातूर, साडेतीन-चार तासांचा रस्ता, लोह्याला गाडी बंद पडली म्हणून आणखी एक तास, आणि आल्याबरोबर मला शिव्या. "हरलास तर हरल्यासारखा वाग. दुसऱ्याच्या घरात आपली हार ठेवून पळतोस होय रे?" सुमननं भाकरी आणि ठेचा वाढला. जेवून तू ओट्यावर बसलास आणि खिशातून दाभण काढून जाळी शिवायला लागलास. ते काम माझं होतं. मी म्हटलं, दे इकडं. तू म्हणालास, "तुझ्या हातची शिलाई बघितली हाय मी." मग दोरा दातांनी तोडून, माझ्याकडं न बघता, "गोल होता का रे?"

त्या दिवशी सांगायचं होतं. सुमन आत होती, ओट्यावर आपण दोघंच होतो, जाळी तुझ्या मांडीवर होती. यापेक्षा सोपं पुन्हा कधी होणार नव्हतं. मी म्हणालो, "बाहेरून गेला." तू म्हणालास, "बरं."

लातूरनं पुढं आपल्या दोन्ही क्लबांना हरवलं ते निराळंच. पोरगं दहावी झालं, पाय जरा चालायला लागले, की आई-बाप त्याला लातूरला क्लासला नेऊन घालतात. तिकडून कुणी डॉक्टर होऊन येतो, कुणी इंजिनिअर होऊन येतो, फॉरवर्ड होऊन कुणी येत नाही. तुझ्या लेकीला, नाझियालाही तू तिकडंच धाडलंस, तेव्हा मी तुला गद्दार म्हणालो होतो. आज ती कॉलेजात शिकवते, आणि तुझ्या आजारपणात दवाखान्याचं सगळं तिनंच एकटीनं निभावलं. माझा शब्द मी मागं घेतो.

शेवटी शेवटी तर तुझ्याकडं नऊ खेळाडू आणि माझ्याकडं आठ. कुणाचा गुडघा, कुणाची शुगर. तू म्हणालास, दोन्ही क्लब पुन्हा एक करू. मी नाही म्हटलं. "एक केलं तर हरायचं कुणी? जाळी कोण शिवणार?" तू म्हणालास, "दोघं मिळून शिवू, त्यात काय!" मी वडिलांचं नाव पुढं केलं, लोकोशेडची इज्जत पुढं केली, काय काय बोललो. खरं कारण वेगळंच होतं. एक क्लब झाला की जुन्या मॅचचं काय उरतं? तू विचारायचं थांबवशील असं मला वाटलं. मला उत्तर द्यायचं नव्हतं आणि प्रश्नही हातचा सोडायचा नव्हता. तू दोन महिने बोलला नाहीस माझ्याशी. त्याबद्दल माफी मागायची राहिली, ती यादीत आणखी एक.

मग लकवा. अर्धं अंग गेलं आणि जीभ गेली. तुझी जीभ, युसूफ! मी रोज येऊन बसायचो आणि एकटाच बडबडायचो. सहाव्या दिवशी खोलीत आपण दोघंच होतो. तू डोळे उघडलेस. डावा हात हळूहळू वर केलास आणि समोर सरळ बोट दाखवलंस. गोल दिल्यावर रेफरी मैदानाच्या मध्याकडं दाखवतो, तसं. आणि माझ्याकडं बघत राहिलास. हात खाली घेत नव्हतास.

मला कळलं. पहिल्या क्षणाला कळलं. आणि मी म्हणालो, "फॅन बंद करू का?"

मी उठलो आणि खरंच फॅन बंद केला. वळून बघतो तर तू हात खाली घेतला होतास आणि तोंड भिंतीकडं केलं होतंस. मे महिन्यात, नांदेडात, फॅन बंद करून मी तुझ्याजवळ बसून राहिलो. नाझिया आली आणि म्हणाली, "चाचा, किती उकडून राहिलं," आणि तिनं तो चालू केला. उद्या सांगू, असं मी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. ज्याला देव नाही त्यानं कुणाची शपथ घ्यायची, हे तू मला नेहमी विचारायचास. सातव्या दिवशी तू डोळे उघडले नाहीस.

खांदा मी दिला. मातीही दिली. लोक रांगेनं तीन तीन मुठी टाकत होते, मी दुसऱ्या मुठीला मनातल्या मनात 'गोल होता' म्हणालो. किती सोपं झालं होतं तेव्हा.

आता खरं सांगायचं ते. तिसऱ्या दिवशी, जियारतीला, मी तुझ्या घरी गेलो. पाहुणे पांगल्यावर भाभींनी आतून जाळ्यांचं पोतं आणलं. "भाऊ, हे कुठं ठेवू?" म्हणाल्या. मी म्हणालो, मला द्या, मी नेतो. नाझिया डोळे पुसत जराशी हसली. "तुम्ही कसे नेणार चाचा? मागची मॅच तुम्ही जिंकली होती. जाळी हरणाऱ्याकडं राहते ना?"

आणि माझा बांध फुटला. पोत्यावर हात ठेवून मी सगळं सांगितलं. भोक, बाभूळ, पिल्लेसाहेब. म्हणालो, "भाभी, तो गोल होता. मी खोटं बोललो. तीस वर्षं खोटं बोललो."

भाभी म्हणाल्या, "काय बोलून राहिले भाऊ तुम्ही? बॉल बाहेरूनच गेला होता. ते स्वतः बोलले."

मला वाटलं त्या माझी समजूत घालतायत. पण त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी तुझे तीस-चाळीस लोक हॉकी स्टिक घेऊन तुझ्या दारात जमले होते. इंजिनवाल्यांनी बेईमानी केली, कॉलनीत घुसायचं, त्या चाळणीचे हात तोडायचे, असं चाललं होतं. तू उंबऱ्यात उभा राहिलास. म्हणालास, बॉल मी मारला, मला दिसलं, बाहेरून गेला. ते ऐकेनात. तेव्हा तू तुझ्या अम्मींना बाहेर बोलावलंस, त्यांच्या डोक्यावर हात ठेवलास आणि सगळ्यांसमोर त्यांची कसम खाल्लीस.

"त्या कसमेवर लोक परत गेले," भाभी म्हणाल्या. "जिंदगीत त्यांनी झूठी कसम खाल्ली न्हाई भाऊ. आणि ते पण अम्मीची? अम्मी तर त्याच थंडीत गेल्या." मग त्यांचा आवाज बदलला. "तुम्ही आता गोल होता म्हणता. म्हणजे ते..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. नाझिया माझ्याकडं बघत होती.

म्हणजे तुला ते ओझं झालं होतं, युसूफ. मी समजत होतो की खोटं माझं आहे आणि मी ते एकट्यानं वाहतोय. तू माझ्यासाठी त्याच्यावर तुझ्या आईचं डोकं ठेवलंस, आणि ती गेल्यावर काय काय विचार करत राहिलास ते तुझं तुला ठाऊक. आणि दर पंधरा दिवसांनी, कुणी नसताना, मला विचारायचास. तुला काय हवं होतं? एक 'हो'. निदान आपल्या दोघांत तरी ते खरं असावं एवढंच. चहाचा कप खाली ठेवायला लागतो तेवढा वेळ. तेवढं माझ्याच्यानं झालं नाही.

दोघीही वाट बघत होत्या. मी काय करायचं होतं, तूच सांग. मी खरं धरलं तर तू खोटा ठरत होतास, तेही तुझ्या घरात, तुझ्या तिसऱ्या दिवशी.

मी म्हणालो, "न्हाई भाभी. डोकं ठिकाणावर न्हाई माझं. बाहेरूनच गेला."

भाभींनी श्वास सोडला. "तेच म्हणते मी," म्हणाल्या, आणि पोतं उचलून परत आत ठेवून आल्या. मी जिंकलो होतो, त्यामुळं जाळ्या तिथंच राहिल्या. मी रिकाम्या हातानं रिक्षात बसलो. घरी सुमननं विचारलं, सवत आली नाही का? मी सांगितलं, ती आता त्यांच्याकडंच राहणार.

उद्या शुक्रवार. हा कागद मी घडी करून वडिलांच्या फोटोमागं ठेवणार आहे. पोरांसाठी वेगळं पान लिहून झालंय. त्यात तुझी बस, तुझी मच्छरदाणी, तुझं दाभण, सगळं आहे. त्या मॅचबद्दलही दोन ओळी आहेत. शेवटच्या पाच मिनिटांत युसूफभाईंनी मारलेला बॉल उजव्या खांबाच्या बाहेरून गेला, आणि मनाचा मोठेपणा असा, की ते त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर मान्य केलं. खाली सही केली आहे. पोरं म्हणाली होती, नावापुढं हुद्दा लिहा. मी लिहिलं, गोलकीपर.